छोट्या ऑफिसचं नेटवर्क: कोणतं काम कोणत्या सर्व्हरवर ठेवायचं?

पंचवीस माणसांच्या ऑफिसात एक सर्व्हर आणला, त्यावर विंडोज सर्व्हर चढवला आणि लॉगिन, फाइली, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बॅकअप असं सगळं त्याच एका विंडोजवर बसवलं, की वर्षभर कुणाची तक्रार येत नाही. मग हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट येतं आणि ते रीस्टार्ट मागतं. एका विभागाच्या कामासाठी सर्व्हर दहा मिनिटं बंद होतो आणि पंचवीसच्या पंचवीस माणसांचं लॉगिन, इंटरनेट, प्रिंटिंग थांबतं. इंटरनेट का थांबलं हे तर कुणालाच उमगत नाही, कारण लाइन चालूच असते.

अशा वेळी आणखी ताकदीचं यंत्र घेऊन काही सुटत नाही. चूक कामांच्या वाटणीत झालेली असते आणि ती खरेदीच्या आधी, कागदावरच टाळता येते.

सर्व्हर हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे कोपऱ्यात घरघरणारी पेटी आणि दुसरा म्हणजे त्या पेटीत चालणारी एखादी सेवा. नियोजन करताना दुसरा अर्थ धरायचा. या सेवेला रोल म्हणतात. ओळख तपासणं हा एक रोल, पत्ते वाटणं हा दुसरा, फाइली सांभाळणं हा तिसरा. आधी रोल लिहून काढायचे आणि ते किती यंत्रांवर बसतील हे शेवटी ठरवायचं.

प्रत्येक रोलपुढे चार गोष्टी लिहा. तो बंद पडला तर ऑफिस किती वेळ तग धरेल? त्याला किती वेळा रीस्टार्ट लागतो? त्यावर अॅडमिनचे हक्क कुणाकुणाला द्यावे लागतील? आणि त्यातला डेटा गेला तर तो कुठून परत येणार? ज्या दोन रोलची उत्तरं सारखी आहेत ते एकत्र नांदतात. उत्तरं वेगळी असतील तर आज ना उद्या एकामुळे दुसऱ्याला त्रास होतो. एकत्र ठेवायचं की वेगळं, याचा आमच्या मते एवढाच निकष आहे. प्रोसेसर आणि मेमरीचा हिशेब त्यानंतरचा.

सर्व्हर लागतोच का?

आठ-दहा माणसं, सगळं काम ब्राउझरमध्ये आणि ईमेलवर, आणि एक सामाईक फोल्डर एवढीच गरज असेल, तर चांगला राउटर आणि दोन डिस्कचं नॅस यंत्र (नेटवर्कवर फाइली साठवणारी छोटी पेटी) पुरतं. पत्ते वाटण्याचं काम राउटर करतो, फाइली नॅसवर राहतात. एखाद्या साध्या विंडोज कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करून सुरुवात करण्याचा मोहही होतो. मात्र विंडोज १० आणि ११ च्या परवान्यात एका वेळी २० उपकरणांची मर्यादा आहे, आणि त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाने संध्याकाळी तो बंद केला की सगळ्यांचा फोल्डर गायब होतो.

माणसं पंधराच्या पुढे गेली, कोण काय उघडू शकेल हे एका जागेवरून ठरवायचं असेल, कुणी नोकरी सोडली की त्याचा सगळीकडचा प्रवेश एका फटक्यात बंद करायचा असेल, तर डोमेन, म्हणजे सगळी खाती आणि हक्क एका जागी सांभाळणारी व्यवस्था, हवं. इथून पुढचा विचार अशा ऑफिसचा. उदाहरणं विंडोज सर्व्हरची आहेत, तरी वाटणीचं तर्कशास्त्र लिनक्सलाही तसंच लागू पडतं. लिनक्सवर विंडोजसारख्या फाइल आणि लॉगिनच्या सेवा देणाऱ्या साम्बा या सॉफ्टवेअरची ४.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली, तेव्हापासून लिनक्सवरही अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टच्या डोमेन व्यवस्थेचा) डोमेन कंट्रोलर चालवता येतो. आणि साम्बा बनवणारेही डोमेन कंट्रोलरवर फाइली ठेवू नका असंच सांगतात.

डोमेन कंट्रोलर आणि त्याची सावली, डीएनएस

डोमेन कंट्रोलर म्हणजे ऑफिसच्या दारावरचा पहारेकरी. नाव-पासवर्ड तपासतो, ओळखपत्र देतो, कोणत्या कॉम्प्युटरला कोणते नियम लागू हे सांगतो. काम हलकं असतं, पंचवीस माणसांसाठी दोन व्हर्च्युअल कोअर आणि ४ जीबी मेमरीत भागतं. सगळ्यांचे पासवर्ड मात्र याच्याच पोटात असतात. म्हणून ज्याला कारण नाही त्याला या यंत्रावर लॉगिन मिळता कामा नये.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. अॅक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली तेव्हापासून ती डीएनएसवर उभी आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की तो डीएनएसला विचारतो, या डोमेनचा कंट्रोलर कुठे आहे? हे उत्तर फक्त ऑफिसच्या आतल्या डीएनएसकडे असतं. म्हणून डीएनएस हा रोल डोमेन कंट्रोलरवरच ठेवायचा आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या डीएनएसच्या रकान्यात त्याचाच पत्ता द्यायचा. सुरुवातीच्या उदाहरणात इंटरनेट थांबलं ते यामुळेच. लाइन चालू होती, नावांची वही बंद होती.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. पहिला डीएनएस म्हणून डोमेन कंट्रोलर देतात आणि "असू दे अडीअडचणीला" म्हणून दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता टाकतात. पहिल्याने वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि बराच वेळ त्यालाच विचारत राहतं. त्या बाहेरच्या वहीत तुमच्या डोमेनची नोंदच नाही, आणि तो तसं ठामपणे सांगतो. मग लॉगिनला तीन-चार मिनिटं लागतात, नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, नियम लागू होत नाहीत. इंटरनेट झकास चालतं, म्हणून डीएनएसवर कुणाचा संशयही जात नाही. बाहेरच्या डीएनएसचा पत्ता कॉम्प्युटरवर न देता डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (वहीत नसलेलं नाव पुढे विचारायचा पत्ता) म्हणून द्यायचा. दुसरा रकाना भरायचा असेल तर दुसऱ्या डोमेन कंट्रोलरने, नाहीतर रिकामा राहू द्या.

डोमेनचं नाव पहिल्याच दिवशी नीट ठरवा, नंतर बदलणं फार जिकिरीचं असतं. शेवटी डॉट लोकल लावू नका. तो शेपटा २०१३ च्या मानकानुसार मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे अॅपल आणि लिनक्सची यंत्रं नाव शोधताना चुकीच्या दाराशी जातात. वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं आतही वापरलं, तर ऑफिसातल्यांना स्वतःचीच वेबसाइट दिसत नाही, कारण ते नाव डोमेन कंट्रोलरकडे बोट दाखवतं. वेबसाइटच्या नावापुढे 'एडी' किंवा 'ऑफिस' असं उपनाव लावलं की दोन्ही अडचणी टळतात.

वेळेकडेही लक्ष हवं. ओळख तपासणारी कर्बरॉस ही पद्धत घड्याळात मुळात ५ मिनिटांचाच फरक चालवून घेते. त्याहून जास्त झाला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. पहिल्या डोमेन कंट्रोलरला बाहेरच्या दोन-तीन एनटीपी (अचूक वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरकडून वेळ घ्यायला लावा, बाकी सगळे त्याच्याकडून घेतात. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये (पेटीत सॉफ्टवेअरने उभारलेल्या स्वतंत्र कॉम्प्युटरमध्ये) असेल तर होस्टकडून, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या पेटीकडून, वेळ घेण्याची सोय त्याच्यापुरती बंद करा. नाहीतर होस्ट त्याला वेळ सांगतो, होस्ट डोमेनमध्ये असेल तर तो होस्टला सांगतो, आणि दोघं मिळून हळूहळू भरकटतात.

पत्ते कोण वाटणार?

डीएचसीपीचं काम प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता भाड्याने देण्याचं. विंडोज सर्व्हर मुळात ८ दिवसांच्या भाड्याने पत्ता देतो आणि अर्धी मुदत संपली की यंत्र मुदतवाढ मागतं. म्हणजे डीएचसीपी एक दिवस बंद राहिला तरी बसलेल्या माणसांना कळतही नाही. अडतात ती नवी यंत्रं. त्यामुळे हा रोल बेधडक डोमेन कंट्रोलरवर ठेवा. फक्त डीएनएसमध्ये नोंदी करण्यासाठी त्याला एक वेगळं, साध्या हक्कांचं खातं द्या, नाहीतर त्या नोंदी तो डोमेन कंट्रोलरच्या अधिकाराने करतो आणि एखादं बाहेरचं यंत्र तेच नाव सांगून खरी नोंद पुसू शकतं.

पत्त्यांची वाटणी आधी कागदावर करा. नेटवर्क १९२.१६८.४०.० घेतलं आणि मास्क २५५.२५५.२५५.० ठेवला, तर २५४ पत्ते हाताशी येतात. १ राउटरला, २ ते ९ स्विच आणि वायफायला, १० ते २९ सर्व्हरना, ३० ते ४९ प्रिंटरना आणि १०० ते २२० डीएचसीपीला वाटायला. मधली जागा मोकळी सोडा, ती पुढे लागते. तिसरा आकडा ० किंवा १ घेऊ नका. बहुतेक घरगुती राउटर तेच वापरतात, मग घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित रस्ता) लावणाऱ्याच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० हा घरातला पत्ता की ऑफिसातला, हे कळेनासं होतं.

सर्व्हरना पत्ते हाताने द्या. प्रिंटरना डीएचसीपीतून राखीव पत्ते द्या, म्हणजे प्रिंटर बदलला तरी एकाच जागी दुरुस्ती होते. आणि राउटरमधला डीएचसीपी आठवणीने बंद करा. एका नेटवर्कवर दोन वाटणारे असले की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो. मग सकाळी पाच जणांचं लॉगिन होतं, तिघांचं होत नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर हे तिघं बदलतात. असं काही दिसलं तर अडलेल्या कॉम्प्युटरवर 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीसमोरचा पत्ता पाहा. तो राउटरचा, किंवा कुणीतरी खोलीत आणून लावलेल्या वायफायच्या डबीचा निघतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कुणाचंच उत्तर आलेलं नाही, तेव्हा केबल आणि स्विचपासून तपास सुरू करा.

पाहुण्यांचं वायफाय या सगळ्यातून वगळा. त्याला वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), पत्ते राउटरकडून, आणि आतल्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता बंद.

डोमेन कंट्रोलरवर काय ठेवू नये

एका यंत्रावर सगळं ठेवण्याची सवय हवेतून आलेली नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच स्मॉल बिझनेस सर्व्हर नावाने लॉगिन, मेल, फाइली असं सगळं एकत्र बांधून विकत असे. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २०११ ची, ७५ वापरकर्त्यांपर्यंतची. तेव्हा एका पेटीत एकच विंडोज चालवणं हीच रीत होती. आज त्याच पेटीत तीन-चार व्हर्च्युअल मशीन आरामात चालतात.

फाइली डोमेन कंट्रोलरवर ठेवल्या की पहिला फटका वेगाला बसतो. ज्या डिस्कवर अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटाबेस असतो, तिच्यावर लिहितानाची कॅश डोमेन कंट्रोलर स्वतःहून बंद करतो, जेणेकरून वीज गेली तरी खाती शाबूत राहावीत. त्याच डिस्कवर मोठ्या फाइली असतील तर त्या विनाकारण सावकाश साठतात. लोक डिस्कला दोष देतात, डिस्क बदलतात, वेग तेवढाच राहतो.

प्रिंटिंगचं कारण सुरक्षिततेचं आहे. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाने ओळखली गेलेली त्रुटी सापडली. प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) चालू असलेल्या विंडोजवर साध्या खात्यातून आत येऊन पूर्ण ताबा मिळवता येत होता, आणि डोमेन कंट्रोलरवर स्पूलर मुळातच चालू असतो. पॅच आले, पण धडा कायमचा आहे. डोमेन कंट्रोलरवर ही सेवा बंद करा आणि प्रिंटर फाइल सर्व्हरवर न्या.

हिशेबाचं सॉफ्टवेअर नको, कारण ते पुरवणाऱ्याला अॅडमिन हक्क लागतात आणि डोमेन कंट्रोलरवर 'फक्त या यंत्राचा अॅडमिन' असा प्रकारच नसतो. तिथला अॅडमिन म्हणजे अख्ख्या डोमेनचा अॅडमिन. व्हीपीएन नको, कारण त्यामुळे त्या यंत्राला आणखी पत्ते मिळतात, तेही डीएनएसमध्ये नोंदले जातात आणि काही कॉम्प्युटर भलत्याच पत्त्यावर कंट्रोलर शोधत बसतात. सर्टिफिकेट देणारा रोलही नको. तो बसवला की काढून टाकेपर्यंत त्या यंत्राचं डोमेन कंट्रोलरपद उतरवता येत नाही, आणि हे लक्षात येतं ते नेमकं जुनं यंत्र निवृत्त करायच्या दिवशी.

थोडक्यात, तिथे अॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस आणि डीएचसीपी हे त्रिकूट राहू द्या. चौथ्याला प्रवेश नाही.

दुसरा डोमेन कंट्रोलर हवाच का? एकाच पेटीत दोन व्हर्च्युअल कंट्रोलर ठेवले तर पॅचच्या रीस्टार्टला आणि बिघडलेल्या विंडोजला उतारा मिळतो, पेटीच जळाली तर दोन्ही जातात. दुसरा छोट्याशा वेगळ्या यंत्रावर असेल तर खरा उपयोग. फिझमो म्हणतात त्या, एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या पाच खास जबाबदाऱ्या पहिल्याकडेच राहू द्या, एवढ्या लहान ऑफिसात वाटून काही मिळत नाही. दुसरं यंत्र बंद करून कपाटात ठेवायचं मात्र कटाक्षाने टाळा. पुसलेल्या खात्यांची खूण कंट्रोलर ठरावीक मुदतीपर्यंतच जपतो, आणि सध्याच्या आवृत्त्यांत ही मुदत सहसा १८० दिवसांची असते. त्याहून जास्त काळ संपर्काबाहेर राहिलेला कंट्रोलर परत जोडला की पुसलेली खाती पुन्हा जिवंत होऊ शकतात.

फाइली आणि हिशेब

फाइल सर्व्हर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, ८ जीबी मेमरी, विंडोज एका व्हर्च्युअल डिस्कवर आणि डेटा दुसऱ्या. विंडोज बिघडलं तर डेटाची डिस्क उचलून नव्या मशीनला लावता येते. फोल्डरचे हक्क माणसाला थेट देऊ नका. माणूस गटात, गटाला हक्क. शेअरवरचे हक्क आणि फोल्डरवरचे हक्क यांत जो कडक तो चालतो, म्हणून शेअरवर सगळ्या कर्मचाऱ्यांना बदल करण्याची मुभा ठेवून खरी चाळणी फोल्डरवर लावा. दोन्हीकडे चाळण्या लावल्या की सहा महिन्यांनी कोण कुठे अडतंय हे शोधताना दमछाक होते.

शॉर्टकटमध्ये सर्व्हरचं नाव येऊ देऊ नका. डीएफएस नेमस्पेस बसवला तर पाथ डोमेनच्या नावाने सुरू होतो आणि चार वर्षांनी फाइली नव्या सर्व्हरवर गेल्या तरी कुणाचा शॉर्टकट किंवा एक्सेलमधली लिंक तुटत नाही. बसवायला अर्धा तास लागतो, नंतरचे कित्येक दिवस वाचतात. शॅडो कॉपीही (फाइलींच्या त्या त्या वेळच्या प्रती) सुरू करा, रोज दोनदा. एका व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, आणि चुकून पुसलेली फाइल माणूस स्वतःच परत आणतो. आणि एसएमबीची, म्हणजे फाइली शेअर करण्याच्या विंडोजच्या भाषेची, पहिली आवृत्ती सगळीकडे बंद करा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रँसमवेअर (फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) याच वाटेने यंत्रामागून यंत्र गाठत गेला. जुना स्कॅनर तेवढीच आवृत्ती बोलत असेल तर त्याला ईमेलने स्कॅन पाठवायला लावा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस तिसऱ्या मशीनवर ठेवणं उत्तम. तो डेटाबेस चालवणारा एसक्यूएल सर्व्हर मुळात मिळेल तेवढी मेमरी घेत जातो. शेजारी दुसरा रोल असेल तर त्याच्या मेमरीला वरची मर्यादा घाला, १६ जीबीच्या मशीनवर ११-१२ जीबी पुरे. फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती असेल तर डेटाबेसचा आकार दर महिन्याला पाहा. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की जुन्या नोंदी दिसतात, नवी नोंद होत नाही, आणि सॉफ्टवेअर दाखवत असलेल्या संदेशावरून कारण कळतंच असं नाही.

घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन राउटरवर किंवा फायरवॉलवर घ्या. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका. पोर्टचा आकडा बदलूनही लपत नाही. अनेकांना एकाच सर्व्हरवर डेस्कटॉप द्यायचा असेल तर त्याला स्वतंत्र मशीन आणि स्वतंत्र परवाने लागतात. परवान्याशिवाय तो १२० दिवस चालतो आणि मग एका सकाळी सगळ्यांना नकार देतो. मेल आणि वेबसाइट ऑफिसात ठेवू नका, ते काम बाहेर भाड्याने दिलेलं बरं.

एका पेटीत तीन घरं

आता यंत्राकडे येऊ. होस्टवर फक्त हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारा विंडोजचा भाग), दुसरा कुठलाही रोल नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना, पेटीतले सगळे कोअर मोजून (किमान १६) घेतला, की दोन विंडोज व्हर्च्युअल मशीन चालवण्याचा हक्क मिळतो. त्यात होस्ट फक्त मशीन सांभाळण्यापुरता वापरायचा. तिसऱ्या विंडोजसाठी सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय माणसागणिक किंवा उपकरणागणिक प्रवेश परवाने वेगळे. एसेन्शियल्स आवृत्तीला प्रवेश परवाने लागत नाहीत, पण २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणं ही तिची हद्द. वाढत्या ऑफिसाने तिच्या नादी लागू नये.

दोनच मशीन परवडत असतील तर वाटणी अशी: पहिल्यावर डोमेन कंट्रोलरचं त्रिकूट, दुसऱ्यावर फाइली, प्रिंटर आणि हिशेब. ही वाटणी आदर्श नाही. हिशेबाच्या रीस्टार्टला फाइली थांबतील, पण लॉगिन आणि इंटरनेट चालू राहील, आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या हाती पासवर्डची तिजोरी जाणार नाही. तडजोड करायचीच तर ती या बाजूने करा. दुसरा मार्ग म्हणजे फाइली डोमेनला जोडलेल्या नॅसवर टाकायच्या आणि दुसरं मशीन हिशेबाला द्यायचं.

मेमरीची बेरीज: होस्टला ६ जीबी, डोमेन कंट्रोलरला ४, फाइलींना ८, हिशेबाला १६. झाले ३४. घ्यायचे ६४, कारण एखादं मशीन नव्याने उभारताना जुनं आणि नवं काही दिवस शेजारी चालवावं लागतं. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एक मेली तरी डेटा टिकवण्याची सोय. डिस्कमध्ये होस्टसाठी दोन लहान एसएसडी रेड १ मध्ये, मशीनसाठी चार डिस्क रेड १० मध्ये. २ टीबीच्या चार घेतल्या तर ४ टीबी हाती येतात. रेड ५ मध्ये ६ टीबी मिळाले असते, पण मोठ्या फिरत्या डिस्कवर एक बदलल्यानंतर पुनर्बांधणीला तासन्‌तास लागतात आणि त्या काळात दुसरी गेली तर सगळंच जातं.

होस्टला डोमेनमध्ये घेऊ नका, असा आमचा सल्ला. डोमेनचा अॅडमिन पासवर्ड एखाद्या रँसमवेअरच्या हाती लागला तरी होस्टचा पासवर्ड वेगळा असल्याने त्याला मशीनच पुसता येत नाहीत. पेटी सुरू झाल्यावर डोमेन कंट्रोलर लगेच आणि बाकी मशीन तीन मिनिटांनी सुरू होतील अशी वेळ लावा. सगळी एकदम उठली तर फाइल सर्व्हर कंट्रोलर शोधतो, तो सापडत नाही, आणि मशीन नेटवर्कला अनोळखी समजून फायरवॉल आवळून बसतं. चेकपॉइंट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) हा बॅकअप नव्हे, आणि डोमेन कंट्रोलरला चेकपॉइंटने मागे नेणं तर टाळाच. २०१२ च्या आवृत्तीपासून त्यावर संरक्षण आलं आहे, तरी ती सवय नको.

बॅकअप, वीज आणि शेवटची परीक्षा

रेडमुळे डिस्क मेली तरी काम चालू राहतं. चुकून पुसलेली किंवा रँसमवेअरने कुलूप घातलेली फाइल मात्र रेड दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानदारीने लिहितो. म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर. बॅकअप घेणारं यंत्र हा वेगळा रोल आहे. तो त्याच होस्टवर नको, डोमेनमध्ये नको, आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, ती अर्धवट निघते. डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप घ्यायचा आणि ती फाइल पुढे न्यायची. डोमेन कंट्रोलरसाठी डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा पासवर्ड बसवताना विचारला जातो. तो पाकिटात लिहून ठेवा, तीन वर्षांनी तो कुणालाच आठवत नाही.

परत आणायला लागणारा वेळ आधीच मोजा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी सरकतात. २ टीबी परत आणायला पाच तास, तेही सगळं सुरळीत चाललं तर. 'फाइलींशिवाय ऑफिस दोन तास तग धरेल' असं तुम्ही सुरुवातीला लिहिलं असेल, तर हा बॅकअप पुरेसा नाही. तेव्हा महत्त्वाचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर घेऊन ते आधी परत येतील अशी सोय करा.

यूपीएस पेटीबरोबर स्विच आणि राउटरलाही हवा. यूपीएस नेटवर्कवरून निरोप पाठवणारा असेल तर स्विच बंद पडला की 'वीज गेली, बंद हो' हा निरोप होस्टपर्यंत पोहोचतच नाही. तीन मशीन शिस्तीत बंद व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून पूर्ण भार असताना किमान दहा मिनिटं टिकेल असा यूपीएस घ्या आणि बॅटरी तीन वर्षांनी तपासा.

लोकांना नव्या व्यवस्थेवर आणण्याआधी सुटीच्या दिवशी एकेक रोल मुद्दाम बंद करून पाहा. डोमेन कंट्रोलर बंद करा आणि चालू कॉम्प्युटरवर फाइल उघडते का, वेबसाइट उघडते का ते बघा. मग फाइल सर्व्हर, मग हिशेब. शेवटी यूपीएसची मुख्य वायर काढा, सगळं आपोआप बंद होईपर्यंत थांबा, वीज परत द्या आणि कुणीही हात न लावता सगळं पुन्हा उठतं का ते पाहा. प्रत्येक वेळी काय थांबलं आणि किती वेळ, हे पहिल्या दिवशीच्या कागदावर त्या रोलपुढे लिहा. अंदाजात आणि प्रत्यक्षात जिथे फरक पडेल, तिथली वाटणी सोमवारच्या आत बदला.